गिरगाव चौपाटी : सजीव आणि निर्जीवांचा सामाईक संसार

भरतीचे पाणी, वाळू, वारा, ऊन आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू या निर्जीव गोष्टींवर चौपाटीवरील जीवसृष्टी उभी आहे. ही जीवसृष्टीही वाळू आणि पाणी यांना सतत बदलत असते. या दोघांमधील देवाणघेवाण कशी चालते आणि आपण समुद्रात सोडलेल्या वस्तूंचे पुढे काय होते, याचा आढावा.

खास प्रतिनिधी
मुंबई

गिरगाव चौपाटीची मुंबईकरांना असलेली ओळख बहुतांशी माणसांशी जोडलेली आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाल्यानंतर त्यांच्यावर याच वाळूत अंत्यसंस्कार झाले आणि त्यांचा पुतळाही येथेच उभा आहे. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. आज लालबाग, परळ, गिरगाव परिसरातील मोठ्या मूर्तींचे विसर्जन पाहण्यासाठी लाखोंचा समुदाय येथे लोटतो. सायंकाळी भेळ खाण्यास येणाऱ्यांची संख्याही कमी नाही. या गर्दीच्या पायाखाली आणि समोरच्या उथळ पाण्यात असंख्य जिवांची वस्ती आहे, याची जाणीव मात्र क्वचितच कोणाला असते.

मलबार टेकडीच्या काळ्या खडकाचा आडोसा असल्यामुळे बॅक बेच्या या कोपऱ्यात लाटांचा जोर ओसरतो आणि वाळू स्थिरावते. वाळू स्थिरावली म्हणून तिच्यात बिळे करून राहणारे प्राणी येथे आले. टेकडीच्या पायथ्याशी, जेथे खडक उघडा आहे, तेथील प्राणी पूर्णपणे वेगळे आहेत. अवघ्या काही अंतरात बदललेल्या या वस्तीचे कारण जमिनीच्या आणि पाण्याच्या गुणधर्मांत आहे.

परिसंस्था म्हणजे काय?

एखाद्या ठिकाणचे सर्व सजीव, त्यांच्या सभोवतालचे निर्जीव घटक आणि या दोहोंमधील देवाणघेवाण यांना मिळून परिसंस्था म्हणतात. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ साली ही संज्ञा मांडली. त्यापूर्वी अभ्यासक प्रामुख्याने वनस्पती आणि प्राणी यांच्या समुदायांबद्दल बोलत असत. माती, पाणी, हवामान या गोष्टी म्हणजे नाटकामागील पडदा नव्हे, त्याही नाटकातील पात्रेच आहेत, असा टान्सली यांच्या मांडणीचा आशय होता.

निर्जीव, म्हणजेच अजैविक घटकांत प्रकाश, तापमान, पाण्याची क्षारता, विरघळलेला प्राणवायू, वाळूच्या कणांचा आकार, वारा आणि लाटा यांचा समावेश होतो. सजीवांचे तीन मुख्य गट मानले जातात. सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करणारे ते उत्पादक, त्यांच्यावर किंवा एकमेकांवर जगणारे ते भक्षक, आणि मृत अवशेष कुजवून त्यांतील द्रव्ये पुन्हा पाण्याला व मातीला परत करणारे ते विघटक. चौपाटीवर उत्पादकांचे काम मुख्यतः डोळ्यांना न दिसणारी वनस्पतिप्लवके व ओल्या वाळूवरील सूक्ष्म शैवाले करतात. शिंपले, खेकडे, मासे, बगळे हे भक्षक होत. विघटकांचे काम जिवाणूंकडे आहे.

चंद्राने आखलेले वेळापत्रक

किनाऱ्यावरील सर्वांत प्रभावी निर्जीव घटक म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईत दिवसातून साधारणपणे दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. लागोपाठच्या दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते आणि उधाणाची भरती येते. मोठ्या उधाणात पाण्याची उंची साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीच्या सुमारास येणारी भांगाची भरती त्यामानाने सौम्य असते.

किनाऱ्यावरील जुन्या माणसांचा याबाबत एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता आणि चतुर्दशीला साडेदहाच्या सुमारास भरती, असा हा आडाखा. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा प्रत्यय साऱ्या शहराला आला. लालबागच्या राजाची मूर्ती अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला सकाळी चौपाटीवर पोहोचली, तेव्हा भरतीचे पाणी चढत होते. मूर्ती तराफ्यावर चढविणे शक्य होईना. ओहोटीची वाट पाहण्यात अनेक तास गेले आणि विसर्जन रात्री नऊच्या सुमारास पार पडले.

माणसांचा एक दिवस खोळंबला, पण किनाऱ्यावरील प्राण्यांचे सारे आयुष्य याच वेळापत्रकावर चालते. पाणी चढले की श्वास आणि अन्न मिळते, ओसरले की ऊन, कोरडेपणा आणि पक्ष्यांची चोच यांना तोंड द्यावे लागते. मलबार टेकडीच्या पायथ्याच्या खडकांवर याचा लेखी पुरावाच पाहावयास मिळतो. सर्वांत वर, जेथे केवळ उधाणाचे तुषार पोहोचतात, तेथे कवचाचे दार मिटून बराच काळ कोरडे राहू शकणाऱ्या लहान शंखगोगलगायी असतात. त्याखाली खडकाला घट्ट चिकटलेल्या पांढुरक्या बार्नॅकलचा पट्टा लागतो. आणखी खाली, बहुतेक वेळ पाण्यात बुडालेल्या भागात कालवे, समुद्री फुले आणि शैवाले आढळतात. पट्ट्याची वरची सीमा बहुधा ऊन व कोरडेपणा ठरवितात, तर खालची सीमा शत्रू आणि जागेसाठीची स्पर्धा. म्हणजे एकच पट्टा वरून निर्जीवांनी आणि खालून सजीवांनी आखलेला असतो.

वाळूत खडकासारखा आधार नसतो. येथे टिकायचे तर बिळात शिरावे लागते. मुंबईच्या वाळूच्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. वाटाण्याएवढे खेकडे पाणी ओसरताच बिळातून बाहेर येतात, वाळूच्या कणांवरील अन्नाचा सूक्ष्म थर तोंडाने वेगळा करतात आणि उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी बाजूला टाकतात. भरती परतण्यापूर्वी ते पुन्हा बिळात शिरतात आणि पाणी ती नक्षी पुसून टाकते.

सजीवही निर्जीवाला घडवितात

निर्जीव घटकांनी हुकूम सोडावा आणि सजीवांनी तो पाळावा, इतके हे नाते एकतर्फी नाही. वाळूत चार-सहा बोटे खणले तर अनेकदा काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा थर लागतो. कणांच्या फटींतून प्राणवायू तेथवर पोहोचत नाही. प्राणवायूविना जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि लोहाशी संयोग होऊन वाळू काळी पडते. वाळूतील कृमी आणि खेकडे मात्र बिळे खणून हवा व पाणी खोलवर नेतात. त्यामुळे काळा थर आणखी खाली ढकलला जातो आणि वरच्या थरात इतर जिवांना राहता येते. शेतात गांडूळ जे करते तेच काम हे प्राणी किनाऱ्यावर करतात.

शिंपले व कालवे पाणी गाळून अन्न मिळवितात. एक प्रौढ कालव दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी गाळते, त्यामुळे पाण्यातील गढूळपणा कमी होतो आणि प्रकाश खोलवर जातो. हेच प्राणी पाण्यातील कॅल्शियम घेऊन कवच बनवितात. ते मेल्यावर कवचे लाटांनी फुटतात आणि त्यांचा चुरा वाळूत मिसळतो. चौपाटीवर पायाला टोचणारा शिंपल्याचा तुकडा हा एके काळच्या सजीवाने निर्जीवाला दिलेला वाटा आहे.

वारा, पाऊस आणि दंश

नैऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर या काळात या परिसंस्थेची घडी बदलून टाकतात. दक्षिण मुंबईत वर्षाकाठी पडणारा दोन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतांशी याच चार महिन्यांत कोसळतो. नाल्यांतून आलेल्या गोड्या पाण्याने किनाऱ्याजवळील क्षारता घटते. त्याच पाण्यासोबत गाळ, सांडपाणी आणि नत्र-स्फुरदासारखी पोषकद्रव्ये येतात. प्लवके वाढतात आणि त्यांच्यामागे त्यांना खाणारे येतात.

वाऱ्याबरोबर येणारा एक पाहुणा मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. ब्लू बॉटल या नावाने ओळखला जाणारा हा निळसर, फुग्यासारखा जीव जेलीफिशसारखा दिसतो, पण प्रत्यक्षात ती अनेक जिवांची एकत्रित वसाहत असते. त्याला स्वतःहून दिशा धरून पोहता येत नाही. फुग्यावरील शीड वाऱ्यावर धरून तो वाहत जातो आणि पावसाळी वारे त्याला किनाऱ्यावर आणून टाकतात. वाळूत निपचित पडलेल्या ब्लू बॉटलचे धागेही दंश करू शकतात.

उथळ, वालुकामय तळ पाकटांनाही मानवतो. हे चपटे मासे अंगावर वाळू ओढून अर्धवट पुरलेल्या अवस्थेत पडून राहतात. पाय पडला की ते स्वसंरक्षणासाठी शेपटीवरील विषारी काटा मारतात. सप्टेंबर २०१३ मध्ये दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनावेळी गिरगाव चौपाटीवर पाकट व जेलीफिशच्या दंशाने अनेक भाविकांना रुग्णालय गाठावे लागले. त्या घटनेनंतर समुद्रातून काहीतरी अघटित आले असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात उथळ गढूळ पाणी, वाळूचा तळ आणि पावसाळा हे पाकटांचे नेहमीचे निवासस्थान होते. त्यात हजारो अनवाणी पाय एकाच वेळी उतरले, एवढाच काय तो फरक होता. २०२५ च्या गणेशोत्सवातही महापालिकेने भाविकांना अशा दंशांबाबत सावध केले होते.

बाणगंगा : प्राणवायूचा हिशेब

चौपाटीवरील पाणी दिवसातून दोनदा बदलते. हे बदलणे थांबले तर काय होते, याचे उदाहरण मलबार टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, वाळकेश्वर येथे आहे. शिलाहारकालीन परंपरा सांगणारे बाणगंगा तळे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असूनही गोड्या पाण्याचे आहे. पितृपक्षात येथे पिंडदानासाठी गर्दी होते. पिठाचे गोळे, भात, फुले, तेल पाण्यात पडते आणि सर्वपित्री अमावास्येनंतर तळ्यात मेलेले मासे तरंगू लागल्याच्या बातम्या अलीकडच्या काळात अनेक वर्षी आल्या आहेत.

या अन्नात विष नसते. तरीही मासे मरतात, कारण येथे प्राणवायूचे गणित बिघडते. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तुलनेने, एक लिटर हवेत तो सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो. पाण्यातील जिवांना मुळातच काटकसरीने जगावे लागते. एक किलो पीठ जिवाणूंनी पूर्णपणे कुजवायचे म्हटले तर जवळपास एक किलो प्राणवायू खर्ची पडतो. म्हणजे सुमारे सव्वा लाख लिटर पाण्यातील सगळा विरघळलेला साठा. हवेतून प्राणवायू पुन्हा मिसळतो, पण साचलेल्या पाण्यात हा वेग मंद असतो. रात्री शैवालेही प्राणवायू तयार न करता केवळ वापरतात, त्यामुळे पहाटे साठा सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले की तळे गुदमरत आहे असे समजावे.

हेच पीठ चौपाटीवर उधाणाच्या भरतीत पडले तर इतका परिणाम दिसणार नाही. लाटा हवा मिसळतात आणि भरती-ओहोटी पाणी बदलते. याचा अर्थ समुद्राची क्षमता अमर्याद आहे असा नाही. नाल्यांच्या मुखाशी, आडोशाच्या कोपऱ्यात सांडपाण्याचा भार सतत पडत राहिला तर तेथेही बाणगंगेचेच गणित लागू होते. वस्तू वाईट आहे की चांगली, हा प्रश्न परिसंस्था विचारीत नाही. किती आली, किती वेळात आली आणि पाणी हलते आहे की थांबलेले, यावर परिणाम ठरतो.

शाडू आणि प्लास्टर

विसर्जनाच्या वादाकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे सुमारे दीडशे अंशांवर तापवून पाणी काढलेले जिप्सम. त्यात पाणी घातले की पुन्हा कठीण जिप्सम तयार होते. सल्फेट व कॅल्शियम समुद्राच्या पाण्यात मुळातच भरपूर आहेत, त्यामुळे मुख्य अडचण या द्रव्यांची नाही. जिप्सम पाण्यात फार सावकाश विरघळते. मूर्तीचे तुकडे दीर्घकाळ तळाशी पडून राहतात, मऊ वाळूवर कठीण आच्छादन पडते आणि बिळे करणाऱ्या प्राण्यांची जागा जाते. रंगांत शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातू असतील तर ते गाळात साठतात आणि गाळ खाणाऱ्या प्राण्यांमार्फत माशांपर्यंत पोहोचतात.

शाडूची मूर्ती लवकर विरघळते, हा तिचा निर्विवाद गुण. तरीही बारीक माती मोठ्या प्रमाणावर एकाच दिवशी, एकाच ठिकाणी पडली तर पाणी गढूळ होते आणि पाणी गाळून जगणाऱ्या शिंपल्यांच्या कल्ल्यांत ती अडकते. म्हणजे साहित्याइतकाच मूर्तींच्या आकाराचा, संख्येचा आणि जागेचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाबाबत सुधारित मार्गदर्शक सूचना जारी करून प्लास्टर ऑफ पॅरिसला मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सहा फुटांपर्यंतच्या अशा मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचे बंधन घातले. कृत्रिम तलावातही प्लास्टर आपोआप नाहीसे होत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय सुचविला आहे. या रसायनाच्या द्रावणात प्लास्टरचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट यांत होते, आणि अमोनियम सल्फेट हे खत म्हणून वापरता येते. निर्माल्याचे खत करण्याची पद्धतही याच तत्त्वावर आधारित आहे. विघटन व्हायचेच असेल तर ते माशांच्या वाट्याच्या प्राणवायूवर न होता जमिनीवर, मोकळ्या हवेत व्हावे, हा त्यामागील विचार.

किनाऱ्याची रेषा बदलते तेव्हा

निर्जीव घटकांत सर्वांत मोठा बदल माणसाने किनाऱ्याच्या आकारातच केला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बॅक बेमध्ये भराव घालून मरिन ड्राइव्ह उभा राहिला. उतरत्या किनाऱ्यावर लाट हळूहळू आपली शक्ती सोडते, सरळ भिंतीवर ती आदळून परत फिरते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. काँक्रीटच्या चौपायांनी लाटेचा जोर मोडला जातो. या चौपायांवर कालांतराने बार्नॅकल आणि शैवाले वस्ती करतात, फटींत खेकडे राहू लागतात. मात्र वाळूत बिळे करणाऱ्यांना तेथे जागा नसते. एका प्रकारची परिसंस्था जाऊन दुसऱ्या प्रकारची येते.

मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा खुला झालेल्या किनारी रस्त्याच्या कामात हाच प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. या रस्त्याचे जुळे बोगदे गिरगाव चौपाटीजवळूनच मलबार टेकडीखाली जातात. भरावाच्या जागेत वरळी आणि हाजी अली येथे प्रवाळांच्या वसाहती आढळल्या. प्रवाळ हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने २०२० च्या अखेरीस अशा १८ वसाहती परवानगी घेऊन दुसरीकडे हलविण्यात आल्या. अनेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात आणि त्यांना प्रकाश लागतो. पाण्यात गाळ वाढला की प्रकाश घटतो. त्यामुळे वसाहत उचलून नेली तरी नव्या जागी पाण्याची स्वच्छता, प्रवाह आणि खडक जुळले तरच ती टिकते. सजीव हलविता येतो, त्याच्याभोवतीचे निर्जीव जग हलविता येत नाही.

मुंबईच्या या किनारी जिवांची ओळख नागरिकांना व्हावी म्हणून २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम ओहोटीच्या वेळी किनारा-फेऱ्या आयोजित करीत आला आहे. गिरगाव चौपाटी स्वच्छ ठेवण्याची चर्चा दरवर्षी गणेशोत्सवात होते आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वाळूवरील कचरा उचललाही जातो. पण वरची वाळू स्वच्छ दिसणे आणि खालचा थर जिवंत असणे या भिन्न गोष्टी आहेत. त्या खालच्या थरात बिळे शिल्लक आहेत काय, यावरच या चौपाटीची प्रकृती पारखावयास हवी.

किनाऱ्यावर जाताना

* ओहोटीच्या आधी तास-दीड तास पोहोचावे आणि पाणी चढू लागताच परतावे. पावसाळ्यात व उधाणात खडकांवर जाऊ नये.
* उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवर घासत चालावे. त्यामुळे पाकट सावध होऊन दूर जातो.
* पाकटाचा काटा लागल्यास जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि तातडीने डॉक्टरांकडे जावे. काटा रुतला असल्यास स्वतः ओढू नये.
* वाळूत पडलेल्या ब्लू बॉटलला किंवा जेलीफिशला हात लावू नये.
* उलटविलेला दगड पुन्हा पूर्ववत ठेवावा. त्याच्या सावलीत आणि ओलाव्यात राहणारे जीव उन्हात थोड्याच वेळात मरतात.
* निर्माल्य कलशातच टाकावे. प्लास्टिकच्या पिशवीसह काहीही पाण्यात सोडू नये.